आपला नकाशा, आपल्या पायांनी
(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आपण 'वाटशोध' स्पर्धा घेणार आहोत, हे नोटीस बोर्डावर लागल्यापासून लिफ्टमध्ये, गच्चीवर आणि सकाळच्या गाडीतसुद्धा मला एकच प्रश्न येतोय. हे नेमकं काय आहे? ट्रेझर हंट आहे का? मॅरेथॉन आहे का? आणि आमची मुलं एकटी जाणार का? तिन्ही प्रश्नांची उत्तरं आज देते. तिसऱ्याचं शेवटी देते, कारण खरा मुद्दा तोच आहे.

या खेळाचं मूळ नाव ओरिएंटीयरिंग. हातात नकाशा आणि होकायंत्र असतं. नकाशावर काही जागा क्रमाने गोल करून दाखवलेल्या असतात. त्या त्याच क्रमाने गाठायच्या आणि शेवटच्या जागी परत यायचं. वाट कोणती घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. मॅरेथॉनमध्ये वाट आखलेली असते, इथे वाट आखलेली नसते. ट्रेझर हंटमध्ये वस्तू लपवलेली असते, इथे काहीच लपवलेलं नसतं. प्रत्येक जागी ३० सेंटिमीटर बाजूचा केशरी-पांढरा झेंडा उघड्यावर लटकत असतो. तो दिसण्याइतपत जवळ पोचणं, एवढंच कोडं.

नॉर्वेतल्या ओस्लो शहराजवळ १८९७ मध्ये याची पहिली सार्वजनिक स्पर्धा झाली. पण खेळ वाढला तो स्वीडनमध्ये. एर्न्स्ट किलांडर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली. तरुण मुलांचा मैदानी खेळांतला रस कमी होतोय, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे मोबाईल यायच्या कितीतरी आधी हीच तक्रार होती, मंडळी! १९६१ मध्ये दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि १९६६ मध्ये फिनलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. आपल्याकडे एनसीसी किंवा स्काऊट-गाईडमध्ये जे होते, त्यांनी 'मॅप रीडिंग' केलेलं असेल. हा त्याचाच धावता भाऊ.

आता नकाशा कुठून आणायचा? भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून नकाशे काढतोय आणि त्यांचे नकाशे उत्तम आहेत. पण त्यांचा नेहमीचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. त्यात आपली सोसायटी मोहरीच्या दाण्याएवढीसुद्धा येत नाही. आपल्याला १:४,००० चा नकाशा लागतो. एक सेंटिमीटर म्हणजे ४० मीटर. या प्रमाणात ए-फोर कागदावर साधारण ८०० मीटर रुंद आणि १,१०० मीटर लांब एवढा परिसर बसतो. आपल्याला तेवढा पुरे.

पूर्वी नकाशा काढायचा म्हटलं की परवानग्यांचा प्रश्न यायचा. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि भारतीय नागरिकांना असे नकाशे तयार करायला पूर्वपरवानगीची अट राहिली नाही. संवेदनशील गोष्टी दाखवायच्या नाहीत, हे बंधन आहे आणि ते योग्यच आहे. आपल्या जिल्ह्यात १९६९ पासून अणुऊर्जा केंद्र चालू आहे, तेव्हा हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या नकाशात विहिरी, बांध, झाडं आणि कुंपणं आहेत, बाकी काही नाही.

मी बोईसरला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम करते. दिवसभर स्क्रीनवर रेघा काढायच्या, त्यामुळे सॉफ्टवेअरची भीती नव्हती. या खेळासाठी जगभर वापरतात ते ओकॅड हे स्विस सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. आपण फुकट मिळणारी दोन घेतली. 'ओपनओरिएंटीयरिंग मॅपर' नकाशा काढायला आणि 'पर्पल पेन' त्या नकाशावर स्पर्धेचा मार्ग आखायला. मॅपर मोबाईलवरही चालतं, म्हणून नकाशा जागेवर उभं राहून काढता आला. सोसायटीच्या तिजोरीतून सॉफ्टवेअरसाठी एक रुपयाही गेलेला नाही, हे खजिनदारसाहेबांच्या समाधानासाठी सांगते.

सुरुवातीला 'ओपनस्ट्रीटमॅप' या सगळ्यांनी मिळून भरलेल्या, सगळ्यांना खुल्या नकाशातून आपला भाग उतरवून घेतला. त्यात होतं काय? रेल्वे, मोठा रस्ता, दोन गल्ल्या आणि बाकी पांढरं. उंचसखलपणासाठी उपग्रहांच्या माहितीकडे गेले. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने अकरा दिवस रडार फिरवून जवळजवळ सगळ्या जगाची उंची मोजली. तीच माहिती आज फुकट मिळते. गंमत बघा, आपली सोसायटी नोंदली गेली त्याच सुमाराची ही गोष्ट. पण त्यात दर ३० मीटरला एक ठिपका असतो. आपल्या अख्ख्या प्लॉटवर असे जेमतेम तीन-चार ठिपके पडतात. भातखाचराचा बांध त्याला कळत नाही. शिवाय दाट झाडी असली की रडार पानांवरूनच परत फिरतं, म्हणून चिकू-आंब्याची वाडी त्याला टेकडी वाटते! तेव्हा स्क्रीनवर कितीही वेळ बसलं तरी शेवटी पायांनीच जावं लागतं.

म्हणून आठवीपासून दहावीपर्यंतची आपली मुलं-मुली आणि मी, गणपतीनंतर दर रविवारी सकाळी फिरलो. आधी प्रत्येकाने आपली पावलं मोजली. रस्त्यावर टेपने १०० मीटर मोजले आणि चालून बघितलं. माझी डावी पावलं तेवढ्यात ६६ पडतात, मुलांची सत्तरच्या पुढे. हा आकडा एकदा पाठ झाला की माणूस चालता-बोलता टेप होतो. मोबाईलचं जीपीएस उघड्यावर पाच मीटर इकडेतिकडे होतं, झाडीत जास्त. पाच मीटर म्हणजे आपल्या नकाशावर सव्वा मिलिमीटर. विहीर बांधाच्या अलीकडे की पलीकडे, हे तेवढ्यात बदलतं. तिथे पावलं कामाला येतात.

होकायंत्राच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. होकायंत्राची उत्तर आणि पृथ्वीची खरी उत्तर यांत न्यूझीलंडमध्ये वीस अंशांच्या आसपास फरक पडतो. आपल्याकडे तो एक अंशाचाही नाही. आणि सफाळ्यात होकायंत्र विसरलं तरी चालतं. तांदुळवाडीचा डोंगर पूर्वेकडे, समुद्र पश्चिमेकडे, रूळ दक्षिणोत्तर. विरारची गाडी जाते ती दक्षिण, पालघरची जाते ती उत्तर. एवढं ज्याला माहीत तो इथे हरवत नाही.

या फिरण्याच्या आधी मी मुलांना एक काम दिलं होतं. कोऱ्या कागदावर, कोणालाही न विचारता, आपल्या आठवणीतला परिसर काढा. ते कागद मी आज आणलेत, मागच्या भिंतीवर लावलेत. जाताना जरूर बघा. मुलग्यांच्या कागदावर ओहोळाच्या पलीकडचं मैदान आहे, चिंचेखालची क्रिकेटची पिच आहे, स्टेशन आहे, एकाने तर केळव्याच्या समुद्रापर्यंत बाण काढलाय. त्याच वयाच्या मुलींचे कागद घर, शाळा, क्लास आणि देऊळ इथे संपतात. त्यांच्या रेघा स्वच्छ आहेत, अक्षर सुरेख आहे, पण कागद अर्धा कोरा आहे. एका मुलीने ओहोळ काढला आणि त्याच्यापलीकडे लिहिलं, "इथे जात नाही." भीती वाटते असं लिहिलं नाही, मनाई आहे असंही नाही. नुसतं जात नाही. मला वाटतं, आपण घरी हे कधी मोठ्याने ठरवलेलं नाही. ते आपोआप ठरत गेलं.

ज्या मुलीला आपल्या घराच्या ३०० मीटर पलीकडचं माहीत नाही, तीच चार वर्षांनी पहाटेची गाडी पकडून अंधेरी-चर्चगेटला कॉलेजला जाणार आहे. तेव्हा आपण तिला म्हणणार, "नीट जा गं!" नीट जायला शिकवायची जागा कोणती? मला वाटतं, ही इथली.

आता दुसऱ्याच्या जमिनीविषयी. आपला नकाशा सोसायटीच्या भिंतीपाशी थांबत नाही. त्यात शेजारच्या वाड्या आहेत, भातशेती आहे, मागचा पाडा आहे. ही सगळी माणसं इथे आपल्या आधीपासून आहेत. आपण पंचवीस वर्षं साजरी करतोय, त्यांच्या विहिरीचं वय त्यांनाही मोजता येत नाही. तेव्हा कोणाच्या अंगणातून मुलं पळवायची नाहीत, हा पहिला नियम केला. आपले सचिव आणि मी पाड्यावर दोनदा जाऊन बसलो. नकाशा दाखवला. तिथल्या आजी म्हणाल्या, "आमचं घर आहे का यात?" सगळी घरं होती, काळ्या रंगात, आपल्या विंगसारखीच. मग त्यांनीच सांगितलं की पावसाळ्यात कुठली पायवाट बुडते, कुठल्या विहिरीचा कठडा खचलाय आणि कुठल्या शेतात भातानंतर वाल पेरतात. भात कापलेलं रिकामं खाचर आपण नकाशात पिवळं दाखवलंय, म्हणजे मोकळं. वालाचं शेत पिवळ्यावर काळे ठिपके देऊन दाखवलंय, म्हणजे पाय ठेवायचा नाही. जानेवारीत वाल फुलावर-शेंगेवर असतो. कोणाच्या शेंगा तुडवून आपला रौप्यमहोत्सव होणार नाही. खचलेल्या कठड्याची विहीर तर स्पर्धेच्या मार्गापासून पूर्ण लांब ठेवली आहे. पाड्यावरची अकरा मुलं स्पर्धेत उतरणार आहेत, तीही प्रवेश फी न घेता. फी कार्यकारिणीने एकमताने माफ केली.

नकाशा झाला की मार्ग आखायचा. हा भाग बुद्धिबळासारखा आहे. सुरुवात त्रिकोणाने दाखवतात, मधल्या जागा वर्तुळाने, शेवट दोन वर्तुळांनी. सगळं जांभळ्या रंगात, कारण नकाशात दुसरं काहीच जांभळं नसतं. आपल्या नकाशावर वर्तुळाचा व्यास ६ मिलिमीटर आहे, म्हणजे जमिनीवर २४ मीटर. झेंडा त्या वर्तुळाच्या बरोबर मध्यावर असतो. प्रत्येक झेंड्याला एक संकेतांक असतो आणि तो ३१ पासून पुढे सुरू होतो, म्हणजे पाचवी जागा आणि पाच नंबरचा झेंडा असा गोंधळ होत नाही. ६६ आणि ९९ हे अंक टाळतात. इंग्रजी आकड्यांत कार्ड उलटं लटकलं की एकाचा दुसरा होतो ना!

मार्ग आखताना चार गोष्टी पाळल्या. एक, पहिली जागा अगदी सोपी ठेवायची, कारण मुलाला नकाशावर विश्वास बसायला हवा. दोन, प्रत्येक टप्प्यात निवड हवी. उदाहरण देते. देवळाच्या मागच्या पारापासून पाड्याच्या वाटेवरच्या साकवाकडे जायचंय. बांधावरून सरळ गेलं तर १८० मीटर, पण बांध अरुंद आणि मध्ये ओहोळाचा उतार. रस्त्याने गेलं तर ३२० मीटर, पण पळत जाता येतं. कोणती वाट चांगली? धावणाऱ्याला रस्ता, तोल सांभाळता येणाऱ्याला बांध. दोन्ही बरोबर. तीन, ज्या वाटेने जागेवर गेलो त्याच वाटेने परत यावं लागू नये, नाहीतर परतणाऱ्याला बघून मागच्याला फुकटात उत्तर मिळतं. आणि चार, प्रत्येक जागेच्या पुढे 'आता थांब' म्हणणारं काहीतरी हवं. भिंत, रस्ता, ओहोळ, काहीही. म्हणजे मूल झेंडा चुकून पुढे गेलं तरी पन्नास-साठ मीटरवर त्याला कळतं की आपण ओलांडून आलो. हा चौथा नियम खेळाचा आहे, पण आईबापांनाही आवडेल असा आहे.

पर्पल पेनमध्ये जागा सरकवली की अंतर लगेच बदलून दिसतं आणि प्रत्येक जागेचं वर्णन चिन्हांत छापून मिळतं. ही चिन्हं जगभर एकच आहेत. मराठी, गुजराती, इंग्रजी, कुठल्याही माध्यमाचं मूल ती सारखीच वाचतं. मार्ग तीन केलेत. लहानांसाठी १.२ किलोमीटर, मधल्या गटासाठी २, मोठ्यांसाठी ३.५. पोचल्याची खूण म्हणून प्रत्येक झेंड्याला वेगळ्या रंगाचा खडू बांधलेला असेल. कार्डावर त्याची रेघ मारायची.

काही जणांनी सुचवलं की मोठ्यांचा मार्ग तांदुळवाडी किल्ल्यावर न्या. किल्ला आपला अभिमान आहे, कबूल. पण दीड हजार फुटांच्या आसपासची उंची, दाट रान, वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि बाजूला कडे. दर पाच मीटरला एक अशा रेघा काढल्या तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत नव्वदच्या आसपास होतील. घाईत पळायची ती जागा नव्हे. किल्ल्यावर आपण फेब्रुवारीत सगळे मिळून सावकाश जाऊ.

आणि रूळ. आपण सगळे गाडीची माणसं. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली तेव्हा पेढे वाटलेले आपण. आता मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गाचे रूळही शेजारी आलेत. रूळ ओलांडणं रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि गाडी सुटत असली की ते सगळे विसरतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तिन्ही मार्ग संपूर्णपणे रुळांच्या आपल्या बाजूला ठेवलेत. रुळांकडची पट्टी नकाशात जांभळ्या आडव्या-तिडव्या रेघांनी बंद केली आहे. त्या पट्टीत जो दिसेल तो बाद, मग तो पहिला आलेला असो.

ज्येष्ठांना वाटत असेल, आम्ही काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? अजिबात नाही. या खेळाचा एक प्रकार पळण्याचा नाहीच. त्याला ट्रेल-ओ म्हणतात. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांनाही खेळता येतो आणि २००४ पासून त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. रस्त्यावरच्या ठरलेल्या जागी उभं राहायचं, समोर काही अंतरावर तीन-चार झेंडे दिसतात, त्यातला नकाशातल्या वर्तुळाशी जुळणारा कोणता ते सांगायचं. आपण हे गेटपासून देवळापर्यंतच्या सपाट रस्त्यावर ठेवलंय. बसायला खुर्च्या आहेत. गुडघे नकोत, नजर हवी. आमच्या रंगीत तालमीत ए विंगच्या काकांनी पाचपैकी पाच बरोबर सांगितले आणि दहावीच्या मुलांचे तीन चुकले.

आता एक गोष्ट, जी स्पर्धेपेक्षा मोठी आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री एका घरी रुग्णवाहिका बोलावली होती. मोबाईलवरची खूण आपल्या मागच्या भिंतीवर पडत होती, म्हणून गाडी ओहोळाच्या पलीकडच्या गल्लीत येऊन थांबली. तिथून आपला इमारतीचा दिवा दिसतो, पण वाट नाही. वळसा घालून गेटवर यायला अकरा मिनिटं गेली. काकू वाचल्या, आज या सभागृहात बसल्या आहेत. पण ती अकरा मिनिटं ज्यांनी काढली त्यांना विचारा. या उपक्रमात मुलांनी आपलं गेट, गल्ल्या, साकव आणि पाड्यापर्यंतची वाट खुल्या नकाशात भरली. प्रत्येक विंगमध्ये, मीटर बॉक्सशेजारी, आपला नकाशा लावतोय. त्यावर गेटचे अक्षांश-रेखांश ठळक छापलेत. मदतीला फोन कराल तेव्हा ते वाचून सांगा. पाड्यावरही एक प्रत दिली आहे, त्यांच्या वाटेच्या तोंडाच्या अक्षांश-रेखांशांसह. त्यांना त्याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे.

आता तिसरा प्रश्न. मुलं एकटी जाणार का?

लहान गटात जोडीने जातील, हवं तर पालकांबरोबर. मधल्या आणि मोठ्या गटात एकटी. मोबाईल जवळ असेल, पण बंद करून, चिकटपट्टी लावलेल्या पाकिटात. पट्टी फोडली तर स्पर्धेतून बाद, पण फोडायची गरज पडली तर बेधडक फोडायची. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असेल. प्रत्येक वळणावर नाही, पण प्रत्येक रस्त्याच्या ओलांडणीवर आपला मोठा माणूस उभा असेल. ९० मिनिटांची मर्यादा आहे. आणि या खेळाचा जगभरचा सक्तीचा नियम आपणही पाळू. स्पर्धा अर्धवट सोडली तरी शेवटच्या टेबलावर येऊन नाव सांगायचंच. टेबलावरच्या यादीतलं शेवटचं नाव खोडल्याशिवाय आम्ही उठणार नाही.

एवढं करूनही कोणाचं मूल दहा मिनिटं वाट चुकेल. चुकू द्या. ते थांबेल, नकाशा फिरवून डोंगराकडे धरेल, आपण कुठे आहोत ते शोधेल. या दहा मिनिटांसाठीच हा सगळा खटाटोप आहे. ती त्याच्याकडून काढून घेऊ नका. खिडकीतून "डावीकडे, डावीकडे!" असं ओरडू नका, ही हात जोडून विनंती.

आत्तापर्यंत मधल्या आणि मोठ्या गटात सोसायटीतल्या २३ मुलग्यांची नावं आली आहेत. मुलींची सहा. नकाशा काढायला मात्र नऊ मुली माझ्याबरोबर प्रत्येक रविवारी होत्या. ज्यांनी नकाशा काढला, त्यातल्या तीन त्यावर पळणार नाहीत, हे मला पटत नाही. त्या तिघींच्या आईवडिलांना मी आज नावाने हाक मारणार नाही, पण आपण इथेच बसला आहात. आपण भेटू, चहा घेऊ, मार्ग नकाशावर बोट ठेवून दाखवते. हवं तर शनिवारी माझ्याबरोबर पूर्ण चालून बघा. मग ठरवा.

नावनोंदणी ऑफिसमध्ये ३१ डिसेंबरपर्यंत. ओलांडणीवर उभं राहायला अजून आठ जण हवे आहेत, पुरुषांनी रविवारची झोप थोडी कमी करावी. स्पर्धा सकाळी साडेसातला सुरू, सगळे परतले की मागच्या मोकळ्या जागेत उकडहंडी. वाल आणि कंद पाड्यावरूनच विकत घेतोय, मडकी ठरलेली आहेत. चमचे मात्र आपापले आणा.